बारावा चौकोन

८ जानेवारी

दादा,

तुझं पत्र पोचलं. चार ओळींपैकी दोन आक्काकडच्या गादीबद्दल तक्रारीच्या आहेत, म्हणजे तब्येत ठीक आहे असं मी समजतो. फोनच केला असता, पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस. मग मी ओरडतो, तू "ओरडतोस कशाला" म्हणून फोन ठेवून देतोस. त्यापेक्षा हे बरं.

सांगितलंस तसं डोळ्यांत तेल घालून बघतोय. वर्षभर चिंगीचं काम बघायचं, दिसेल ते तुला लिहायचं, आणि डिसेंबरअखेर मी सांगेन त्यावरून तू ठरवणार की लॉन्ड्री तिच्या नावे करायची का त्या मोठ्या कंपनीला विकून मोकळं व्हायचं. तुझ्या मुलीबद्दलचा निर्णय माझ्या शब्दावर ठेवलास, विश्वास आहे म्हणायचा. तिसरा एक पर्यायही होता, धाकटा भाऊ नावाचा, अडतीस वर्षं इथेच राबलेला, पण तो तुझ्या ध्यानात आला नसावा. हे गमतीत लिहिलंय.

तू गेल्यापासून तिने तुझं नाव काढलेलं नाही. सगळ्या बायकांसमोर ती तुला म्हणाली, "बाबा, तुमच्या आवाजाला घाबरून इथे कुणी खरं बोलत नाही." ते मलाही खटकलं होतं. चौतीस वर्षांची झाली म्हणून काय झालं, बापाला बाजूला घेऊन सांगता येतं. पण तू त्याच आवाजात उत्तर दिलंस आणि तासाभरात बॅग भरून आक्काकडे निघालास, हेही मी पाहिलंय.

आता बातमी. सोमवारी तिने ऑफिसातल्या फळ्यावर बारा चौकोन आखले. एका महिन्याला एक. प्रत्येक महिना ती एका टेबलावर काम करणार आणि त्या टेबलावरचं जुनं माणूस तिचं वरिष्ठ. जानेवारी छाननी, फेब्रुवारी घडी, पुढे धुलाई, शिलाई, इस्त्रीचा रोलर, असं. आणि दर शनिवारी साडेतीनला मशिनं दहा मिनिटं बंद. सगळे गोल उभे राहणार आणि त्या टेबलावरचं माणूस सर्वांदेखत तिच्या आठवड्याच्या चुका सांगणार!

पहिला शनिवार झाला. छाननीवाली मावशी आधी पदराशी चाळा करत उभी होती, मग एकदा सुरू झाली ती थांबेना. "ताई कोटाच्या खिशात हात घालतात. खिशात हात नाही घालायचा. खिसा उलटा करून बाहेर काढायचा. सुई असते, ब्लेड असतं. तीनदा सांगितलं, तरी चौथ्यांदा हात आत." मालकीण मान खाली घालून ते वहीत लिहून घेत होती. मी कपाळाला हात लावला. तू असतास तर तळपायाची आग मस्तकात गेली असती.

बरं, त्या चौकोनांचंही धड नाही. ऑक्टोबरात नुसतं "खुर्ची" लिहिलंय, कुठली ते कोण जाणे. डिसेंबरचा चौकोन तर कोराच आहे. आपल्याकडे टेबलं किती हेही तिने आधी मोजलेलं दिसत नाही.

हे पत्र आपल्या पितळी पेनाने लिहितोय, लॉन्ड्रीच्या पंचविसाव्या वर्षी तू दोन आणलीस त्यातल्या माझ्या वाट्याच्या. सोबत खिशात एक छोटी वही ठेवलीय. तिची चूक दिसली की तिथल्या तिथे टिपून घेतो. तुला वाचायला भरपूर मिळेल.


२६ फेब्रुवारी

दादा,

वहीची आठ पानं भरली.

तिने संध्याकाळचा क्लास लावलाय. आठवड्यातून दोनदा, माणसं कशी सांभाळायची ते शिकायला. तुला कुणी शिकवलं होतं का? जे तिकडे शिकते ते दुसऱ्या दिवशी आमच्यावर करून बघते. गेल्या आठवड्यात धडा होता, चारचौघांत कौतुक करावं. झालं. मंगळवारी सकाळपासून बाई सुटलीच. घडीवालीला "वा, काय सुरेख", शिलाईवालीला "वा, काय सुरेख", मला गाडीत गाठोडी मोजताना "वा काका". दुपारी रोलरवाली माझ्याकडे आली, डोळ्यांत पाणी. म्हणाली, "साहेब, खरं सांगा, मला काढणार आहेत का? एवढं गोड कुणी उगाच बोलत नाही."

मी हे चिंगीला सांगितलं. थोडं मीठमसाला लावूनच सांगितलं. ती आधी लाल झाली आणि मग एवढी हसली की तिला ठसका लागला. बुधवारी कौतुक बंद. गुरुवारी रोलरवालीजवळ जाऊन एवढंच म्हणाली, "तुम्ही चादर घालायच्या आधी कड दोन बोटांनी ओढून घेता, त्यामुळे तुमच्या चादरींना मधे पोट येत नाही. हे मी आज पाहिलं." रोलरवाली पुढची चादर घालू लागली. पण घरी जाताना तिने ते फाटकावरच्या रखवालदाराला सांगितलं, ड्रायव्हरला सांगितलं, आणि मलाही सांगितलं, जसं काही मी तिथे नव्हतोच.

घडीच्या टेबलाचंही लिहितो, नाहीतर म्हणशील फक्त वाईट तेवढं निवडतोय. मोठी चादर दोघींनी घडी करायची असते, तुला माहीतच आहे, चार टोकं, दोन माणसं, चालत एकमेकींकडे यायचं. चिंगी नेहमी अर्धं पाऊल आधी पोचायची. घडीवालीने शनिवारी सांगितलं, "ताई, तुम्ही मला ओढता. माझ्याकडे बघून चाला, चादरीकडे नको." आता महिना संपत आला तर बरोबर पोचते. मी मुद्दाम उभा राहून मोजलं. एकदाही चुकली नाही.

एवढंच. वहीत ते टिपायचं राहिलं.


१४ मे

दादा,

तू लिहिलंस की माझी पत्रं लांब होत चाललीत आणि त्यात चुका कमी होत चालल्यात. चुका हव्यात ना, घे.

क्लासात शिकवलं की जबाबदारी वाटून द्यावी. तिने फाटकाच्या किल्ल्या तिघांना दिल्या. सोमवारी तिघांनाही वाटलं की दुसरा उघडेल. सकाळी सव्वासातला चाळीस माणसं, दोन गाड्या आणि हॉस्पिटलची गाठोडी रस्त्यावर, फाटक बंद. शेवटी बॉयलरवाला भिंतीवरून उडी मारून आत गेला आणि त्याची पँट अशा ठिकाणी फाटली की शिलाईवालीने ती त्याच्या अंगावर ठेवून शिवायला नकार दिला. शनिवारी चिंगीने स्वतःहून सांगितलं, "काम दिलं पण कुणाचं ते सांगितलं नाही. चूक माझी." आता वार ठरलेत. फाटक एकदाही अडलेलं नाही.

आणि आता जे लिहितोय ते मला सोपं जात नाहीये.

रोलरवालीच्या उशांच्या खोळींना डाव्या कोपऱ्यात चुणी पडते, आठवतं? तू तिला किती बोललास. मी किती बोललो. बावीस वर्षं बोलतोय. या महिन्यात चिंगी रोलरवर आहे, तिच्या हाताखाली. तिसऱ्या दिवशी चिंगीच्याही खोळींना डावीकडे चुणी पडायला लागली. मी वही काढलीच होती. पण ती मशीन थांबवून खाली बसली, वर बघितलं, मग रोलरवालीला शेजारी उभं करून दोघींची उंची बघितली. दोघी सारख्याच, बुटक्या. टेबल तुझ्या मापाचं बांधलेलं आहे, दादा. तुझी उंची सहा फूट. डावा हात टेबलाच्या कडेवरून पोचतच नाही, खांदा उचलावा लागतो आणि कापड तिरकं जातं. तिने सुताराला बोलावून चार बोटं उंचीची फळी पायाखाली टाकून घेतली. त्या दिवसापासून चुणी नाही.

मी बावीस वर्षं त्या टेबलावरून दिवसातून वीस वेळा गेलोय. मला वाटायचं बाई निष्काळजी आहे. त्या जागी पंधरा दिवस उभं राहून बघावं असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही, तुझ्याही नाही. मला तोंडात मारल्यासारखं झालं आणि त्याच वेळी, का लपवू, पोरीचा अभिमानही वाटला. वहिनी असती तर तिने दृष्ट काढली असती.

एका गोष्टीत मात्र रोलर तिला अजून वश नाही. जाड चादर जळायच्या आधी तुला जो वास यायचा आणि तू ऑफिसातून "उचला!" म्हणून ओरडायचास, तो वास इथे कुणालाच येत नाही. आठवड्याला दोन-तीन चादरी पिवळ्या पडतात. ती तासन्‌तास नाक लावून उभी असते. घरी जाते तेव्हा केसांना करपल्याचा वास येतो, असं आमची ही म्हणते.


१९ ऑगस्ट

दादा,

पेन्सिलीने लिहितोय, चालवून घे. पेन कुठे ठेवलं सापडत नाही. घरातच पडलं असेल.

वाईट बातमी आहे आणि तुला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. मंगळवारी हॉस्पिटलचा एक पूर्ण लोड गेला. एकशे चाळीस चादरी, बत्तीस डॉक्टरांचे कोट. ड्रायर उघडला तर सगळं निळं. बॉलपेन आत गेलं होतं, उष्णतेने शाई वितळली आणि ड्रम फिरत राहिला. ऑगस्टमध्ये चिंगी ड्रायरवर आहे, तिनेच दार उघडलं. तिच्या मागे आम्ही सगळे जमलो. 

सगळ्यांनी मावशीकडे बघितलं. साहजिक आहे, खिसे तीच तपासते. मावशी म्हणाली, "मी एक एक खिसा उलटा केला होता." कुणी काही म्हणालं नाही. मीही काही बोललो नाही.

तू असतास तर पाच मिनिटांत माणूस शोधून फाटकाबाहेर काढला असतास. चिंगीने तसं काहीच केलं नाही. ड्रममध्ये डोकं घालून बराच वेळ आतून कापडं काढत राहिली. मग बाहेर येऊन म्हणाली, "आधी हॉस्पिटलला उद्या सकाळी चादरी पोचल्या पाहिजेत. बाकीचं नंतर." हे मी चूक म्हणून लिहावं की काय ते मला ठरवता येत नाहीये.

हॉस्पिटल आपलं निम्मं काम आहे हे तुला सांगायला नको. 


७ सप्टेंबर

दादा,

"त्या मावशीला काढा" हे तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. चिंगीला दाखवलं नाही. घाईने काही करू नये असं माझं मत आहे. कारण पुढे कधीतरी लिहीन.

हॉस्पिटलचं सांगतो. चिंगी स्वतः गेली, मला बरोबर घेतलं. मला वाटलं होतं की आता गोड बोलून वेळ मारून नेईल. तिने डागाळलेल्या चादरींचं गाठोडंच बरोबर घेतलं होतं. मेट्रनबाईंच्या टेबलावर एक चादर उलगडली आणि म्हणाली, "हे आमच्याकडून झालं. नव्या चादरी आम्ही देऊ. कसं झालं ते मला कळलंय आणि ते पुन्हा होणार नाही याची व्यवस्था केलीय." मेट्रनबाईंनी विचारलं, "कुणाकडून झालं?" चिंगी म्हणाली, "माझ्या छपराखाली झालं, म्हणजे माझ्याकडून."

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "तुमचे वडील असते तर आत्तापर्यंत मला कुणाचं तरी नाव कळलं असतं." काम काढून घेतलेलं नाही. महिनाभर बघणार आहेत.

कसं कळलं ते तिने मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. गाडीत येताना ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी माझ्या बुटांकडे.

व्यवस्था अशी केलीय की छाननीच्या खोलीत कुणीही पेन न्यायचं नाही, मालकानेही नाही. भिंतीवर दोरीला बांधून पेन्सिली लावल्यात. पहिली पेन्सिल बांधायच्या आधी तिने मला एक काढून दिली. "काका, ही तुमच्याजवळ ठेवा." हे पत्र त्याच पेन्सिलीने लिहितोय.

मावशी हल्ली जेवायला सगळ्यांत बसत नाही. शिलाईच्या खोलीत एकटी डबा खाते.


१० ऑक्टोबर

दादा,

हे पत्र बसून वाच, आणि आक्काला वाचून दाखवू नकोस.

ऑक्टोबरच्या चौकोनातली खुर्ची म्हणजे तुझी खुर्ची. चिंगीने सगळ्यांना सांगितलं, "नऊ महिने तुम्ही मला प्रत्येक टेबलावरच्या चुका सांगितल्या. पण माझं स्वतःचं काम कुणी तपासत नाही, कारण त्या खुर्चीत कुणी बसून बघितलेलं नाही. आता बसा." एका आठवड्याला एक जण, आणि ती हाताखाली. पहिला आठवडा माझा.

अडतीस वर्षं मला ती खुर्ची हवी होती. जानेवारीत गमतीत लिहिलंय म्हणालो होतो, ते गमतीत नव्हतं. ती चुकावी असं मला मनापासून वाटत होतं. ती वही त्यासाठीच होती. तुझ्या सांगण्यावरून बघत होतो हे अर्धंच खरं.

सोमवारी बसलो. बॉयलरवाला आला, आठ दिवस सुट्टी हवी म्हणाला. मी म्हणालो, जमणार नाही. अगदी तुझ्यासारखं, मान वर न करता. मंगळवारपासून त्याने आजारी असल्याचा निरोप पाठवला आणि वाफ मिळाली नाही म्हणून दुपारपर्यंत रोलर बंद.  संध्याकाळी चिंगीने विचारलं, "काका, नाही म्हणायच्या आधी तुम्ही त्याला काय विचारलंत?" काहीच विचारलं नव्हतं. त्याच्या बायकोचं ऑपरेशन होतं. तीन दिवसांतही भागलं असतं, आणि त्याने बदली माणूसही ठरवून ठेवला होता. बुधवारी मी त्याच्या घरी जाऊन आलो.

त्याच बुधवारी कात्री शोधायला खुर्चीसमोरच्या टेबलाचा उजवा खण उघडला. आत निळ्या डागांच्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेलं माझं पितळी पेन होतं. आतली रिफिल वितळलेली.

होय दादा. पेन माझं होतं. त्या मंगळवारी चिंगी सात मिनिटं उशिरा आली, आणि ते मी छाननीच्या खोलीत, ट्रॉलीवर वही टेकवून टिपून घेत होतो. मावशीने तपासून ठेवलेल्या कपड्यांवर. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि मी वही खिशात टाकली, पेन तिथेच राहिलं. ड्रायरचं दार उघडलं तेव्हाच माझा हात खिशाकडे गेला होता. मला त्या क्षणापासून ठाऊक होतं. तुला लिहिलं तेव्हाही ठाऊक होतं. सात आठवडे मी मूग गिळून बसलो आणि मावशीला एकटीला जेवताना बघत राहिलो.

मी खण बंद केला. गुरुवारीही काही बोललो नाही. एवढं कळूनही.

शुक्रवारी मावशी आली. खुर्चीत मी, म्हणून माझ्यासमोर उभी राहिली. "साहेब, महिनाअखेरीला मी येणं बंद करते. तिसेक वर्षं झाली. कुणी तोंडावर बोलत नाही, पण मी खोलीत गेले की बायका गप्प होतात. मी खिसा उलटा केला होता. पण आता मलाच वाटायला लागलंय की नसेल केला."

ते शेवटचं वाक्य, दादा. जिच्या हातून तीस वर्षांत एक सुई सुटली नाही तिला माझ्यामुळे स्वतःच्या हातांवर शंका यायला लागली. मला खुर्चीत बसवेना. मी म्हणालो, "उद्या साडेतीनपर्यंत थांबा."

शनिवारी सगळे गोल उभे राहिले आणि मी पेन दाखवलं. कसं झालं ते सांगितलं, वहीत काय टिपत होतो तेही सांगितलं. माझा आवाज बायकी झाला होता म्हणे, ड्रायव्हरने नंतर सांगितलं. 

मग चिंगी बोलली. "यातली एक चूक माझी आहे. पेन मला ड्रममध्ये त्याच दिवशी सापडलं. काकांना बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. ते काका आहेत म्हणून धीर झाला नाही. वाटलं, ते स्वतःच सांगतील. मी वाट बघत बसले आणि ते मावशींच्या अंगावर गेलं. मावशी, माझं चुकलं."

मावशीने दोघांकडे नीट बघितलं. मी हात जोडले. ती म्हणाली, "हात जोडून काय उपयोग? सोमवारपासून माझ्या टेबलावर या. महिनाभर. खिसे कसे तपासतात ते शिका." आधी रोलरवाली हसली, मग सगळे. मावशी हसली नाही. पण त्या दिवशीचा चहा तिने सगळ्यांत बसून घेतला.

नंतर मी चिंगीला विचारलं, "माझ्या पत्रांचंही ठाऊक आहे का तुला?"

"काका, तुम्ही वही काढायचात तेव्हा ओठ हलवून लिहायचात. मला अर्धं ऐकू यायचं."

"मग काही बोलली का नाहीस?"

"बाबांना कुणीतरी खरं सांगायला हवं होतं. माझ्या चुकासुद्धा. तुम्ही गाळू नका, एवढंच."

म्हणून गाळलेलं आज लिहिलं. मी तुझा धाकटा भाऊ आहे आणि मला तुझ्यासमोर लहान व्हायची सवय आहे, पण एवढं लहान कधी वाटलं नव्हतं.


६ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र आलं. मला वाटलं होतं की तू फाडून खाशील. पेनाबद्दल एक अक्षर नाही. एकच ओळ, "ती वेळेवर जेवते का?"

जेवते. साडेबाराला, सगळ्यांबरोबर. डब्यातली भाजी कधी चांगली नसते, कारण स्वतः करते.

मी छाननीवर आहे. एकसष्टाव्या वर्षी खिसे उलटे करतोय. मागच्या शनिवारी मावशीने माझ्या चुका सांगितल्या: हळू आहेत, बोलतात फार, आणि कोटाचा आतला खिसा विसरतात. तिन्ही खऱ्या आहेत. पहिल्या शनिवारी कान गरम झाले होते. आता शुक्रवारीच मनात येतं की उद्या काय निघणार. बॉयलरवाल्याची बायको बरी आहे.

मेट्रनबाईंनी काम पुढे चालू ठेवलंय.


२८ नोव्हेंबर

दादा,

डिसेंबर उजाडायला तीन दिवस आहेत. उत्तर मला डिसेंबरअखेर द्यायचं होतं, पण तोवर थांबण्यात अर्थ नाही. देतो.

लॉन्ड्री तिच्या नावे कर.

तिला सगळं येतं म्हणून नाही. तिला अजून पुष्कळ येत नाही आणि ते ती फळ्यावर लिहून ठेवते. जानेवारीत ती तीनदा सांगूनही खिशात हात घालत होती. आज चाळीस माणसांत कोण कशाने अडलंय ते तिला चालण्यावरून कळतं. हे ती आईच्या पोटातून शिकून आलेली नाही, मी बघितलंय, ती ते रोज थोडं थोडं शिकली, आमच्या हातून चुका मोजून घेऊन. आपण दोघांनी ही जागा उभी केली यात शंका नाही. पण अडतीस वर्षांत आपल्याला आपली चूक कुणी सांगितली नाही, आणि आपल्याला वाटत राहिलं की ती होतच नाही. मला ती खुर्ची नको. खरंच नको. मी आठवडाभर बसून बघितलंय.

आता त्या कोऱ्या चौकोनाचं. काल मी तिला चिडवलं, "वर्ष संपलं, तुझी टेबलं काही बारा झाली नाहीत." तिने फळ्याजवळचा खडू उचलला. मग म्हणाली, "तो बाबांचा आहे, काका. जानेवारीतच ठेवला होता. नाव लिहायचा धीर होईना." आणि खडू माझ्या हातात दिला. "तुम्ही लिहा."

मी लिहिलं. डिसेंबर, रोलरचा वास, बाबा. माझं अक्षर तुला माहीत आहे, चौकोनाबाहेर गेलंय.

म्हणजे महिनाभर ती तुझ्या हाताखाली. जाड चादर उचलायची वेळ नाकाने कशी ओळखायची ते तू शिकवायचंस, आणि शनिवारी साडेतीनला सर्वांदेखत तिच्या चुका सांगायच्यास. तुझ्याही कुणीतरी सांगेल, ते नियमात आहे. मावशीचा निरोप आहे की आवाज जरा बेताचा ठेवा, आम्हाला सगळ्यांना नीट ऐकू येतं.

तुला राग आला असेल तर हे पत्र बाजूला ठेव, पण सोबतची पिशवी उघड. आत कापडाचे तीन तुकडे आहेत, कोपऱ्यात एक, दोन, तीन असे आकडे शिवलेले. तिन्ही तिने काल रोलरवरून काढले, वेगवेगळ्या वेळी. कुठला वेळेवर उचललाय आणि कुठल्याला उशीर झालाय ते तिला कळत नाहीये. बघून कळणार नाही. तीनही पांढरेच आहेत. हुंगून सांग.

पिशवी बांधताना तिने मला बजावलंय की उत्तर काकांना लिहायचं नाही, मला लिहायला सांगा. पत्ता तुला ठाऊक आहे. फाटकावर तो तुझ्याच हाताने रंगवलेला आहे.